एका गाण्याचे तीन धनी

माझा मुलगा महाविद्यालयात माध्यमशास्त्र शिकतो. वर्षअखेरीस त्याला चार मिनिटांचा संगीत-व्हिडिओ करायचा होता. पुढे स्पर्धेलाही पाठवायचा होता. जेवणाच्या टेबलावर त्यानं दृश्यं आखली : नदीकाठ, एसटी स्टँड, आजीचा झोपाळा. गाणं? आजीच्या आवडीचं, १९६२ सालचं भावगीत. "६० वर्षं उलटली, आता ते सगळ्यांचं," तो म्हणाला.

कायदा वाचला तेव्हा उमगलं, मुदत संपली ती फक्त ध्वनिमुद्रणाची. शब्द आणि चालीवरचा हक्क कवी-संगीतकारांच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला आपला वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही. ही दुरुस्ती आधी झाली असती तर किती कलावंतांची म्हातारपणं सुखाची गेली असती!

अखेर वर्गमैत्रिणीनं गाणं लिहिलं, मित्रानं चाल लावली. चित्रीकरणाआधी चिरंजीवांनी तिघांचे वाटे कागदावर मांडून सह्या घेतल्या.

"मैत्रीत कागद कशाला रे?"

"गाणं गाजलं तर भांडण नको, बाबा."

आजीचं गाणं काही व्हिडिओत आलं नाही. झोपाळ्यावर मात्र तीच बसली, ठेवणीतलं लुगडं नेसून.