दुसरी नळी

ट्रॅपच्या रेंजवर पाळी येईपर्यंत नेमबाजाची बंदूक उघडीच असते. बिजागरीपाशी दुमडलेली, दोन्ही नळ्या रिकाम्या, मागून पाहिलं तर आरपार उजेड दिसावा अशी. पाळी आली की दोन काडतुसं आत जातात, बंदूक मिटते, दस्ता खांद्यात आणि गालाखाली घट्ट बसतो आणि नेमबाज हाक देतो. मायक्रोफोनने ती टिपताक्षणी १५ मीटर पुढच्या खंदकातून तबकडी सुटते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर. समोर तीन यंत्रं असतात आणि त्यांतलं कोणतंही एक चालतं. त्यामुळे तबकडी डावीकडे जाणार, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. पहिला बार अर्ध्या-पाऊण सेकंदात निघतो. तो चुकला, तर लागलीच दुसरा. तोही चुकला, तर तबकडी ७६ मीटरवर जाऊन पडते आणि गुणपत्रकावर शून्य लागतं.

पहिल्या बारात फुटो की दुसऱ्यात, प्राथमिक फेरीत गुण एकच. दुनळी बंदूक या खेळात टिकून आहे ती मुख्यतः या नियमामुळे, असं माझं मत आहे. एका नळीतून भराभर बार काढणाऱ्या अर्धस्वयंचलित बंदुका शंभर वर्षांपूर्वीच आल्या. तरीही वरच्या दर्जाच्या ट्रॅप स्पर्धेत जवळपास प्रत्येकाच्या हातात एकावर एक नळ्यांची दुनळीच दिसते. कारण नळीच्या तोंडाशी आहे. ऑलिंपिकच्या काडतुसात २४ ग्रॅम शिसं, म्हणजे अंदाजे ३०० छर्रे असतात. नळीतून बाहेर पडले की ते पसरू लागतात. नळीचं तोंड मिलिमीटरच्या काही अंशाने आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. चोक जितका घट्ट, तितका छर्ऱ्यांचा झोत लांबवर दाट राहतो. पहिल्या बाराला तबकडी जवळ असते आणि दुसऱ्या बारापर्यंत ती बरीच पुढे गेलेली असते. दोन अंतरांना दोन वेगळे चोक हवेत, आणि ते एका नळीत एकदम बसवता येत नाहीत.

पहिला बार सहसा खालच्या नळीतून काढतात. तिचा धक्का खांद्याच्या जास्त सरळ रेषेत बसतो, तोंड कमी उचललं जातं आणि दुसऱ्या बारासाठी नजर तबकडीवरून हलत नाही. या बंदुकीला रायफलीसारखा मागचा नेमदर्शक नसतो. पुढे फक्त एक माशी, आणि मागच्या नेमदर्शकाचं काम नेमबाजाचा डोळाच करतो. गाल दस्त्यावर दोन मिलिमीटर वर-खाली टेकला तरी झोत तबकडीच्या वर किंवा खाली सरकतो. म्हणून या खेळाची बंदूक नुसती विकत घेऊन भागत नाही. शिंप्याकडे माप द्यावं तसं खांद्याचं, मानेचं, हाताचं माप देऊन दस्ता तासून घ्यावा लागतो. नवशिक्या हौसेने बंदुकीवरचं कोरीवकाम बघतो, जाणता आधी दस्ता गालाला लावून बघतो.

खेळाचा उगम मात्र रक्तातला आहे. इंग्लंडात पेट्यांतून जिवंत कबुतरं सोडून त्यांवर बार काढण्याच्या शर्यती लागत. १९००च्या पॅरिस स्पर्धांतही जिवंत कबुतरांची नेमबाजी झाली आणि बेल्जियमचे लेऑन द लुंडेन २१ पक्षी मारून पहिले आले. तोवर पर्याय तयार होता. कबुतरांऐवजी आधी काचेचे गोळे उडवून झाले होते, आणि १८८०मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यांनी मातीची चपटी तबकडी आणली होती. आज ती डांबरी राळ आणि चुनखडीची असते. नाव मातीचं राहिलं आणि पक्षी वाचला, हा मला या खेळाच्या इतिहासातला सर्वांत चांगला बदल वाटतो.

एकावर एक नळ्यांची बंदूक लोकप्रिय करण्याचं मोठं श्रेय जॉन मोझेस ब्राउनिंग यांना जातं. या रचनेवर काम करत असतानाच १९२६मध्ये बेल्जियममधल्या लिएजच्या कारखान्यात त्यांचं निधन झालं. मुलगा व्हॅल याने ते काम पुढे नेलं आणि ती बंदूक १९३१मध्ये बाजारात आली. पुढची मोठी झेप इटलीतली. टोकियो ऑलिंपिकचे ट्रॅप विजेते एन्नियो मात्तारेल्ली आणि बंदूककार दानिएले पेराझ्झी यांनी १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी ‘एमएक्स-८’ घडवली. तिच्या चापाची सगळी यंत्रणा एका झटक्यात बाहेर काढता येते. ऐन स्पर्धेत स्प्रिंग तुटली, तर दुसरा संच बसवून नेमबाज पुढच्या तबकडीला तयार. ही बंदूक आजही बनते.

भारतात हा खेळ राजवाड्यांतून आला. बिकानेरच्या गजनेर तलावावर पखुर्डी पक्ष्यांच्या शिकारी होत. बिकानेरच्या राजघराण्यातले डॉ. करणी सिंह १९६० ते १९८० या काळात पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२च्या कैरो जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅपचं रौप्य जिंकलं. पंचवीस वर्षं ते लोकसभेतही होते. रणधीर सिंग यांनी १९७८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. लष्करी अधिकारी राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्य आणलं, मानवजितसिंग संधू २००६मध्ये ट्रॅपचे विश्वविजेते झाले. पॅरिसला २०२४मध्ये स्कीट या तबकड्यांच्याच दुसऱ्या प्रकारात, मिश्र जोडीत महेश्वरी चौहान आणि अनंतजितसिंह नरुका यांचं कांस्य एका तबकडीने हुकलं. चीन ४४, भारत ४३.

स्कीटचा विषय निघाला की झांग शान आठवलीच पाहिजे. १९९२च्या बार्सिलोनात स्कीट स्त्री-पुरुषांची एकत्र होती. चीनच्या या तरुणीने अंतिम फेरीआधीच्या २०० पैकी २०० तबकड्या फोडल्या आणि पुरुषांना मागे टाकून सुवर्ण नेलं. पुढच्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवली गेली आणि स्त्रियांना वेगळी स्कीट मिळायला २००० साल उजाडावं लागलं. विजेतीला आपलं पद राखायची संधीच मिळाली नाही, हा अन्याय होता.

आता आपल्याकडे पाहू. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि पॅरिसमध्ये कांस्य जिंकणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे. महाराष्ट्राच्या नेमबाजीतली ही ठळक नावं सगळी रायफल-पिस्तुलाची आहेत, दुनळीची नाहीत. मराठी डोळ्यात किंवा मनगटात काही कमी आहे, असं कोणी म्हणणार नाही. अडसर जमिनीचा आणि पैशाचा आहे. दहा मीटरची रायफल रेंज शाळेच्या सभागृहात बसते आणि ठरावीक क्षमतेच्या हवेच्या रायफलीला परवानाही लागत नाही. ट्रॅपचे छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात. त्याच्याही पलीकडे मोकळी, माणूस-गुरं न फिरणारी जमीन हवी, आणि मातीत साठणारं शिसं वेळोवेळी उचलण्याची जबाबदारी घेणारं कोणीतरी हवं. मुंबई-पुण्याजवळ एवढी जागा कोण सोडणार?

बंदुकीचं म्हणाल, तर सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरात ती असते, पण शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, बरेचदा ठासणीची. रानडुकरं हाकायला ती पुरते. स्पर्धेची इटालियन दुनळी लाखांत जाते. एका प्राथमिक फेरीला १२५ तबकड्या असतात, म्हणजे किमान तेवढी काडतुसं, आणि सराव त्याच्या कितीतरी पट. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली, तरी खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. म्हणजे कायद्याने खेळाडूची वाट बंद केलेली नाही. ती लांब आणि कागदपत्रांची आहे, आणि घातक शस्त्राच्या बाबतीत तशी असणंही मला योग्य वाटतं.

पण ज्या मुलीने अजून एकही तबकडी फोडलेली नाही, तिच्या बापाला आधी परवाना आणि बंदूक घ्यायला सांगणं म्हणजे खेळाचं दार लावून घेणं आहे. इटलीत, इंग्लंडात पहिला बार क्लबच्या बंदुकीने, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली निघतो. आपल्या कायद्यातही क्लबला शस्त्रपरवाना मिळतो. अहिल्यानगर किंवा सोलापूरच्या एखाद्या माळावर सरकारने एक ट्रॅप रेंज उभारावी, तिथे क्लबच्या चार-सहा साध्या दुनळ्या ठेवाव्यात, पोरांच्या खांद्याला जमेल असा आखूड दस्ता बसवलेल्या. त्यांतली निदान एक डावखुऱ्यासाठी असावी, कारण उजव्यासाठी वळवलेला दस्ता डाव्या गालाला कधीच नीट बसत नाही.