वर्डप्रेस पाच मिनिटांत बसते, गावाची साइट नाही

मोताळा तालुक्यातले रोहिणखेड हे घाटाखालचे गाव. बुलढाणा जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेल्या या गावाच्या परिसरात मध्ययुगात दोन मोठ्या लढाया झाल्या. १४३७ मध्ये खानदेशचा सुलतान नासिर खान फारुकी वऱ्हाडात घुसला होता. बहमनींचा दौलताबादचा सरदार खलफ हसन बसरी याने त्याला इथे गाठून पार पिटाळले आणि थेट बुऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला. दुसरी लढाई १५९० ची. अहमदनगरच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने, अहमदनगरची सत्ता हाती असलेल्या जमाल खानाचा इथे पराभव केला आणि जमाल खान मारला गेला. गावात १५८२ मध्ये खुदावंद खान महदवीने बांधलेली देखणी मशीद आहे. एवढा ऐवज असलेल्या गावाची स्वतःची नीट साइट असावी, असे एखाद्या शिक्षकाला, वाचनालयाला किंवा शिकून आलेल्या तरुण मंडळींना वाटले, तर ते अगदी रास्त आहे.

अशी चर्चा निघाली की पहिले वाक्य हमखास येते: ‘त्यात काय, वर्डप्रेस टाकलं की झालं. पाच मिनिटांचं काम.’

पाच मिनिटांची गोष्ट खोटी नाही. वर्डप्रेसवाले स्वतःच आपल्या इन्स्टॉलेशनला पाच मिनिटांचे म्हणत आले आहेत. मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी-टू नावाचे बंद पडत चाललेले सॉफ्टवेअर हाती घेतले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. आज जगातल्या दर पाच वेबसाइटींपैकी दोनांहून अधिक साइट त्यावर चालतात. काम सोपे झाले म्हणूनच हा पसारा वाढला. होस्टिंगच्या पॅनेलमधले एक बटण दाबले की फायली सर्व्हरवर उतरतात, डेटाबेस तयार होतो आणि पहिला पडदा समोर येतो. तिथे भाषांच्या यादीत मराठीही असते. पुढे साइटचे नाव, वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड आणि ईमेल एवढेच विचारले जाते, आणि शेवटी एक छोटी चौकट असते.

त्या चौकटीकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. तिच्यावर खूण केली की गुगलसारख्या शोधयंत्रांना ‘ही साइट नोंदवू नका’ असा निरोप जातो. साइट अर्धवट असताना ती खूण ठेवणे शहाणपणाचे आहे. पण साइट लोकांसाठी खुली करताना खूण काढायची राहून जाते. मग महिनोन्महिने गावाची साइट शोधात दिसत नाही आणि ‘गुगल आपल्यासारख्या खेड्याला विचारत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सेटिंगमध्ये ‘वाचन’ या भागात जाऊन ती खूण काढली की अडथळा दूर होतो.

वेळेचेही तसेच. साइटची घड्याळवेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहिली, तर सकाळी सहाला लावलेली ग्रामसभेची सूचना साडेअकराला झळकते. यादीतून ‘कोलकाता’ निवडले की भारतीय वेळ लागते.

दुसरा समज याच्या अगदी उलट टोकाचा आहे: हे काम इंजिनियरचे, आपल्याला झेपणार नाही. ‘सीएमएस’, म्हणजे साइटचा मजकूर सांभाळणारी प्रणाली, हा शब्द ऐकूनच माणसे मागे सरतात. पण मराठी माणूस असली व्यवस्था दोन दशकांहून जास्त काळ वापरतो आहे, फक्त तिचे नाव त्याला माहीत नाही. मायबोली, मिसळपाव, मनोगत, उपक्रम, ऐसी अक्षरे या स्थळांवर ज्यांनी लेखन केले, त्यांतले बहुतेक द्रुपलवर लिहीत होते. बेल्जियमच्या ड्रीस बायटार्टने २००१ मध्ये जगापुढे आणलेली ही प्रणाली. या स्थळांवरच्या लेखांच्या पत्त्यात ‘नोड’ हा शब्द आणि पुढे आकडा दिसतो, ती तिचीच खूण. गृहिणी, निवृत्त शिक्षक, परदेशातली नोकरदार मंडळी, सगळ्यांनी तिथे हजारो पाने लिहिली आणि कुणालाही कोडची एक ओळ लिहावी लागली नाही. लॉगिन करायचे, चौकटीत मजकूर टाकायचा आणि प्रकाशित करायचा, इतकेच लिहिणाऱ्याचे काम. मागची देखभाल बघायला मात्र एक-दोघे जाणकार हवेतच.

खरी अडचण मराठी मजकुराची असते आणि तिथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. ‘मराठी फाँट टाकला की साइट मराठी होते’ हा समज छापखान्यांच्या काळातून आलेला आहे. गावाच्या स्मरणिका, पतसंस्थेचे अहवाल, शाळेची सुवर्णमहोत्सवी पुस्तिका असे बरेच साहित्य श्रीलिपी, आयएसएम किंवा शिवाजीसारख्या जुन्या फाँटांत टाइप झालेले असते. त्या फाइलीत डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात. तो मजकूर उचलून वर्डप्रेसमध्ये चिकटवला की निरर्थक अक्षरांची रांग उमटते. साइटला तोच फाँट जोडला तर ती रांग पुन्हा मराठी दिसू लागते, आणि घोटाळा इथेच पक्का होतो. कारण असे पान शोधात सापडत नाही, मोबाइलला मोठ्याने वाचता येत नाही आणि दुसरीकडे चिकटवले की पुन्हा कचरा होतो. उपाय एकच, आधी सगळे युनिकोडमध्ये बदलून घ्यायचे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण त्यांच्या हातून रफार आणि जोडाक्षरे निसटतात. म्हणून एका जाणत्या माणसाने ओळ न् ओळ तपासायला हवी. या कामाला वर्डप्रेस बसवण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, आणि साइटची किंमत ठरते ती याच कामावर.

डेटाबेसची अक्षरव्यवस्थाही तपासावी. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळ बसवणूक लॅटिन लिपीची होती आणि अक्षरक्रम चक्क स्वीडिश भाषेचा. अशा जुन्या बसवणुकीच्या तक्त्यात देवनागरी मजकूर गेला की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठते आणि मूळ मजकूर परत मिळत नाही. वर्डप्रेसने २०१५ पासून ‘यूटीएफ-८ एमबी-४’ ही सर्व लिप्या सामावणारी व्यवस्था स्वीकारली आहे. नव्या साइटला त्यामुळे सहसा त्रास होत नाही. जुन्या साइटवरून मजकूर हलवताना मात्र आधी एक मराठी पान चाचणीला हलवून बघावे.

पानाचा पत्ता मराठीत ठेवावा की इंग्रजीत, यावर वाद होतात. मराठी पत्ता चालतच नाही, हा गैरसमज आहे. ‘डॉट भारत’ हे देवनागरीतले डोमेन ऑगस्ट २०१४ पासून मिळते आणि वर्डप्रेस शीर्षकावरून मराठी पत्ता आपोआप बनवते. पण त्याची एक मर्यादा आहे. ब्राउझरमध्ये नीट दिसणारे प्रत्येक देवनागरी चिन्ह आत टक्क्याच्या खुणा धरून नऊ जागा घेते. ‘रोहिणखेड’ या शब्दात मात्रा-वेलांट्या वेगळ्या धरून आठ चिन्हे आहेत, म्हणजे एका शब्दाला ७२ जागा. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याला एकूण २०० जागाच मिळतात. ‘रोहिणखेडची मशीद आणि तिचा इतिहास’ असे शीर्षक दिले, तर पत्ता ‘तिचा’ या शब्दापाशीच तुटतो आणि ‘इतिहास’ गळून पडतो. व्हॉट्सअॅपवर पाठवताना हाच पत्ता पुष्कळदा टक्क्यांची लांबलचक शेपटी होऊन पोहोचतो. म्हणून शीर्षक मराठीत भरपूर लांब ठेवावे आणि पत्ता हाताने बदलून दोन शब्दांचा करावा. पत्ता ठरवायचा तो पान प्रकाशित करण्याआधीच. नंतर बदलला तर आधी वाटलेले दुवे तुटण्याची भीती असते.

छायाचित्रांबद्दलची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते: फोटो चढतच नाही, वर्डप्रेस बिघडले. बिघाड बहुधा नसतोच. वर्डप्रेस ज्या पीएचपीवर चालते, तिची मूळ मर्यादा एका फाइलीला २ एमबी आहे आणि आजच्या मोबाइलचा फोटो सहज ४-५ एमबी भरतो. होस्टिंगवाल्याकडून मर्यादा वाढवून घेता येते. पण मशिदीच्या कमानीचा फोटो मोबाइलवर बघणाऱ्याला ५ एमबीची गरज नसते. तो लहान करून चढवणेच बरे.

‘वर्डप्रेस फुकट आहे, मग पैसे कसले?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारला जातो आणि त्याचे उत्तर पुष्कळदा अर्धवट मिळते. सॉफ्टवेअर खरोखरच मोफत आहे. त्याचा जीपीएल परवाना ते वापरायला, बदलायला आणि वाटायलाही मोकळीक देतो. मात्र डोमेनचे आणि होस्टिंगचे पैसे दरवर्षी भरावेच लागतात. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वरून सॉफ्टवेअर मिळते, तर ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही ऑटोमॅटिक या कंपनीची सेवा आहे, तिथे जागाही तीच देते. हा फरक न कळल्याने लोक एका ठिकाणी पैसे भरून दुसरीकडे वाट बघत बसतात. उलट जिथे पैसे लागत नाहीत, तिथे मोजले जातात. ब्राउझरने साइट सुरक्षित धरावी म्हणून लागणारे प्रमाणपत्र २०१६ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवून देतात.

पैशांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे, आणि तो कुणी विचारतच नाही. ‘साइट आपलीच आहे, आपण पैसे दिलेत’ हा सर्वांत महाग पडणारा गैरसमज. शेताचा मालक सातबारा ठरवतो, तसा साइटचा मालक डोमेनची नोंद ठरवते. कामाच्या सोयीसाठी साइट बनवणारा मुलगा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतो. पुढे तो पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची आठवण करणारे ईमेल कुणीच वाचत नाही. मुदत संपल्यावर सोडवून घ्यायला थोडा अवधी मिळतो, तोही गेला की ते नाव जगातला कुणीही विकत घेऊ शकतो. गावाच्या नावाच्या जुन्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात दिसू लागते ती अशी. म्हणून डोमेन संस्थेच्या नावाने, संस्थेच्या ईमेलवर आणि एकाहून अधिक माणसांच्या माहितीत असावे. साइट तयार होण्याआधीच हे लिहून ठेवावे.

ग्रामपंचायतीसाठी काम चालले असेल तर एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पंचायतीचे आराखडे आणि खर्च एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदले जातात. गावाच्या साइटवर ते आकडे हाताने उतरवले तर ते जुने होत जातात आणि मग भांडणे लागतात. तिथला दुवा द्यावा. आपल्या साइटवर तेच ठेवावे जे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, जसे की मशिदीचे मोजमाप, जुन्या वेशीच्या आठवणी, शाळेच्या हजेरीपटांची छायाचित्रे. चुका दुरुस्त करण्याची सोय वर्डप्रेसमध्येच आहे. दुसऱ्या लढाईचे वर्ष काही ग्रंथांत १५९१ असे येते आणि गावाचे नावही जुन्या लिखाणात रोहणखेड असे आढळते. अशा तपशिलांसाठी पानावर बदल केला तरी आधीची आवृत्ती जपली जाते, त्यामुळे कुणी काय बदलले ते नंतरही दिसते.

‘आमच्या गावाच्या साइटला कोण कशाला हॅक करेल?’ या प्रश्नामागे अशी कल्पना असते की हॅकर साइट निवडून येतो. प्रत्यक्षात स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस इंटरनेटवर फिरत असतात आणि जुन्या आवृत्तीची जी साइट सापडेल तिच्यात घुसतात. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी द्रुपलमधली एक गंभीर त्रुटी आणि तिची दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. दोन आठवड्यांनी द्रुपलच्या सुरक्षा गटाने सांगितले की ज्यांनी सात तासांच्या आत दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपली साइट हॅक झाली आहे असेच धरून चालावे. लहान साइट, मोठी साइट हा भेद तिथे नव्हता. वर्डप्रेसने २०१३ पासून किरकोळ सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसण्याची सोय केली आहे. प्लगइन (जादा सोयी देणारे जोडप्रोग्राम) आणि थीम (साइटचे बाह्यरूप) यांकडे मात्र आपल्यालाच लक्ष द्यावे लागते. विकतची थीम ‘फुकट’ देणाऱ्या ठिकाणांहून काही उतरवू नये. तिच्यात आधीच चोरदार ठेवलेले असण्याची शक्यता मोठी. न वापरलेले प्लगइन नुसते बंद न करता काढून टाकावे. आणि ‘अॅडमिन’ हे वापरकर्तानाव ठेवू नये, कारण घुसखोर पहिल्यांदा तेच टाकून बघतात.

बॅकअपच्या बाबतीत ‘सगळ्या फायली उतरवून घेतल्यात’ असे समाधानाने सांगणारे भेटतात. पण वर्डप्रेसमध्ये लेख फायलींत नसतातच, ते डेटाबेसमध्ये असतात. फायलींत असतात फोटो, थीम आणि प्लगइन. एकच भाग जपला तर फोटोंशिवाय लेख तरी उरतील किंवा लेखांशिवाय फोटो. दोन्ही घ्यावेत, आणि होस्टिंगबाहेर, एखाद्या हार्डडिस्कवर ठेवावेत.

हे सगळे शिकायला होस्टिंग किंवा इंटरनेटची गरज असते, हाही एक समजच. झॅम्प नावाचे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर बसवले की त्याच यंत्रावर पीएचपी आणि डेटाबेस चालू होतात. शाळेच्या संगणक खोलीत सातवी-आठवीची मुले तिथे वर्डप्रेस बसवू शकतात, मोडू शकतात, पुसून पुन्हा बसवू शकतात. बॅकअप खरोखर चालतो का हेही तिथेच तपासता येते: हार्डडिस्कवरची प्रत त्या संगणकावर उभी करून रोहिणखेडचे पान मराठीत नीट उघडते का ते बघायचे.