गाडी घेताना – लेखांक ७ : कागदावरचा अ‍ॅव्हरेज आणि राजूर घाट

मागच्या आठवड्यात आपण ऑन-रोड किंमत कशी वाढत जाते ते पाहिलं. गाडी दारात आली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: अ‍ॅव्हरेज किती देते? आणि महिन्याभरात ठरलेली तक्रारही येते: कंपनीनं चोवीस सांगितला, पडतोय सतरा-अठरा. आपल्या जिल्ह्यातल्या पार्किंगमध्ये, पंपावर, लग्नाच्या मांडवात ही तक्रार इतक्यांदा ऐकू येते की कंपन्या सरळ खोटं बोलतात असंच अनेकांनी धरून चाललंय. परदेशात असे प्रकार उघड झालेही आहेत. जपानमध्ये २०१६ साली मित्सुबिशीनं चाचणीच्या आकड्यांत फेरफार केल्याची कबुली दिली. पण आपल्याकडच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा फसवणुकीत नसून चाचणीत आहे. ती कशी होते हे एकदा नीट कळलं, की आकड्यावर किती विसंबायचं ते ठरवता येतं.

जाहिरातीत छापलेला आकडा प्रमाणित करणाऱ्या संस्थांपैकी सर्वांत परिचित नाव एआरएआयचं. ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर. तिथं चाचणीला गाडी रस्त्यावर नेत नाहीत. तिची चाकं मोठ्या रोलरवर चढवतात, समोर पंखा लावतात, आणि चालक पडद्यावर सरकणारी वेगाची रेघ पाहत तंतोतंत तसाच वेग राखतो. पेट्रोलही टाकीतून मोजत नाहीत. धुराड्यातून निघालेला वायू पिशव्यांत गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं याचा हिशेब मांडतात. ही पद्धत अतिशय काटेकोर आहे, त्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

प्रश्न त्या रेघेचा आहे. आपल्याकडचं चाचणी-चक्र जुन्या युरोपीय चक्रावरून बेतलेलं. एकूण १,१८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना जरा कमी. त्यातली पहिली ७८० सेकंद शहरी चाल: एकच १९५ सेकंदांचा तुकडा चार वेळा. यात जवळजवळ एक तृतीयांश वेळ गाडी नुसती उभी असते आणि वेग पन्नासच्या वर जात नाही. शून्यावरून पन्नास गाठायला या चक्रात २६ सेकंद दिलेली आहेत. चिखलीच्या बसस्टँडसमोर कुणी इतक्या सावकाश गाडी उचलली तर मागचे हॉर्न वाजवून त्याला हैराण करतील. उरलेल्या ४०० सेकंदांत वेग वाढतो, तोही कमाल ९० पर्यंत. एसी बंद. खोलीचं तापमान २० ते ३० अंश. गाडीत जेमतेम दोन माणसांच्या वजनाइतका भार. आणि या सगळ्यात चढ कुठेच नाही.

आता मलकापूर-बुलढाणा वाटेवरचा राजूर घाट घ्या. मलकापूर पूर्णेच्या सखल खोऱ्यात, बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर आणि दोन्ही गावांच्या उंचीत साधारण चारशे मीटरचा फरक. उदाहरणाला मारुतीची २०२४ ची स्विफ्ट धरू, तिचा प्रमाणित आकडा २४.८. त्या हिशेबानं मलकापूर ते बुलढाणा १.८ लिटर लागायला हवं. गाडीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, वर चार माणसं आणि सामान, म्हणजे बाराशे किलो. हे बाराशे किलो चारशे मीटर उचलायला ४.७ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातला पाव हिस्सा किंवा थोडा अधिकच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे नुसता चढ साधारण अर्धा लिटर खातो. १.८ चे २.३ झाले, चोवीसचा अ‍ॅव्हरेज एकोणीस-वीसवर आला. अजून एसी लावलेला नाही, वाटेत एकही ट्रक आडवा आलेला नाही.

उतरताना यातलं काही परत मिळतं, मात्र गाडी गिअरमध्ये ठेवली तरच. हे मुद्दाम सांगतो, कारण घाटात न्यूट्रल टाकून, काही जण तर इंजिन बंद करून, उतरताना दिसतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतं. इंजिन बंद केलं तर ब्रेक कडक होतात, स्टिअरिंग जड होतं आणि समोर वळण असतं. पेट्रोल वाचत नाही आणि जीव धोक्यात जातो.

दुसरी बाजू समृद्धी महामार्गाची. मेहकर, सिंदखेड राजा भागातल्या लोकांना तो दारातच मिळाला. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं खुला होत ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटर पूर्ण झाला. सपाट भागात कारला १२० ची मुभा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो: ९० वरून १२० वर गेलात की तो पावणेदोन पट होतो. म्हणजे सरकार ज्या वेगाला परवानगी देतं, त्या वेगाला गाडी किती पिते हे सरकारमान्य चाचणी तपासतच नाही. मला ही सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते. दोनशे किलोमीटरच्या पल्ल्यात १२० ऐवजी ९० नं गेलात तर तेहतीस मिनिटं जास्त लागतात. ती द्यायची की पेट्रोल, हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण ठरवायला आकडा तर हातात हवा.

पेट्रोलही बदललं आहे: त्यात आता इथेनॉल मिसळतात, वीस टक्के असेल तर त्याला ई-२० म्हणतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की ई-२० मुळे, साध्या पेट्रोलसाठी रचलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ६ ते ७ टक्के घटेल. ई-१० साठी रचून ई-२० ला जुळवलेल्यांची १ ते २ टक्के. त्यामुळे जुनी गाडी असेल तर मेकॅनिकला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या. त्यात मे महिन्यात खामगाव-शेगावकडे पारा चाळिशीपार असताना एसी बंद ठेवा असं कुणी सांगू नये आणि कुणी ऐकूही नये.

युरोपात प्रमाणित आणि प्रत्यक्ष आकड्यांतली ही तफावत २००१ मध्ये दहा टक्क्यांच्या आत होती, २०१७ पर्यंत चाळीसच्या जवळ गेली. कारण कंपन्या गाड्या चाचणीबरहुकूम घडवू लागल्या. मग २०१७ मध्ये युरोपनं ते चक्र मोडीत काढून डब्ल्यूएलटीपी आणलं: तीस मिनिटं, २३ किलोमीटर, कमाल वेग १३१. शिवाय नव्या गाड्यांत प्रत्यक्ष जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणं सक्तीचं केलं. २०२४ मध्ये युरोपीय आयोगानं त्या नोंदी जाहीर केल्या तेव्हा फरक वीस टक्क्यांच्या आसपास निघाला. चाचणी सुधारली की अंतर कमी होतं, संपत मात्र नाही. आपल्याकडेही हे चक्र आणायची तयारी चालू आहे. ते लवकर यावं, आणि प्रत्यक्ष नोंदीही लोकांसमोर याव्यात.

तोवर प्रमाणित आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा. एकाच चाचणीतून दोन्ही गेल्या असल्यानं तेवढ्यापुरता तो विश्वासाचा आहे. महिन्याचं पेट्रोलचं बजेट मात्र त्यावर आखू नका. पाव हिस्सा कमी धरून आखा. आणि स्वतःचा आकडा स्वतः काढा. टाकी फुल्ल करा, नोझल आपोआप कट झालं की थांबा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तसंच फुल्ल करा आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा. एका वेळेवर जाऊ नका, चार-पाच वेळा करा. घाटाचा, समृद्धीचा, गावातला हिशेब वेगळा ठेवा. डॅशबोर्डवरचा आकडा अनेकदा थोडा चढाच असतो, म्हणून वही बरी. पुढच्या आठवड्यात टायर आणि हवेबद्दल बोलू, तेव्हा ही वही जवळ असू द्या.