कनेक्शन चालू, पण फाइल जागची हलेना!

फाइल कॉपी होताना आकडा ६३ टक्क्यांवर येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. एरर नाही, काही नाही. आपण म्हणतो, ‘नेट स्लो आहे यार!’ पण मित्रहो, स्लो असणं वेगळं आणि अडकणं वेगळं. अडकलेलं कुठे अडकलं ते शोधता येतं. पंचवटीतल्या आमच्या होस्टेलचंच उदाहरण घेऊन सांगतो.

रीडिंग रूममधला एक जुना लिनक्स संगणक सगळ्या प्रोजेक्ट ग्रुप्सचा कोड आणि रिपोर्ट रोज रात्री २ ते ३ या वेळेत डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर पाठवायचा. सबमिशनच्या आठवड्यात यादीतल्या शेवटच्या ग्रुपची हार्ड डिस्क गेली, आणि सर्व्हरवरची त्यांची कॉपी चार दिवसांपूर्वीची निघाली! लॉगमध्ये रोज रात्री दोन-तीन वेळा पंधरा-सोळा मिनिटं काहीच हललेलं नव्हतं. तास संपायचा आणि शेवटचे ग्रुप राहून जायचे.

आता टीसीपी काय करतो ते पाहू. पाठवलेल्या प्रत्येक डेटाची त्याला पोच लागते. पोच आली नाही तर तो तेच पॅकेट पुन्हा पाठवतो आणि दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो. एका थांब्याची कमाल मर्यादा १२० सेकंद. लिनक्समध्ये असे १५ प्रयत्न ठरलेले असतात, म्हणजे एकूण सुमारे ९२४ सेकंद. लॉगमधली पंधरा मिनिटं ती हीच.

पण पोच का येत नव्हती? संगणकाला यूपीएस होता, मधल्या फायरवॉलला नव्हता. लाइट क्षणभर गेली की फायरवॉल रीस्टार्ट व्हायचा आणि जुनी कनेक्शन्स विसरायचा. मग त्यांची पॅकेट्स तो गुपचूप टाकून द्यायचा. गंमत म्हणजे त्याच वेळी नवं कनेक्शन केलं असतं तर ते लगेच लागलं असतं!

पंचवटी कारंजावर मित्राची वाट बघत उभं राहायचं असेल तर ‘दहा मिनिटं थांबेन, मग निघेन’ असं आपण आधीच ठरवतो. तशी मुदत कर्नलला सांगण्याची सोय म्हणजे सॉकेट ऑप्शन. इथे लागतो तो ‘टीसीपी यूजर टाइमआउट’: इतका वेळ पोच आली नाही तर कनेक्शन तोड. प्रोग्रॅममध्ये ही ३० सेकंदांची मुदत लिहिलेली होती. मग ती चालली का नाही?

एसट्रेस लावल्यावर उत्तर मिळालं. ‘सेटसॉकऑप्ट’ हा कॉल उणे १ परत करत होता, एरर क्रमांक ९२, म्हणजे ‘हा ऑप्शन मला माहीत नाही’. संगणकावरचं कर्नल २.६.३२ आणि हा ऑप्शन लिनक्समध्ये आला २.६.३७ पासून, २०११ साली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला हेडर फाइलमध्ये नाव सापडलं नाही, तेव्हा त्याने त्याची किंमत १८ स्वतःच डिफाइन केली. कंपायलर खूश! कर्नलने मात्र रनटाइमला सरळ नकार दिला, आणि परत आलेली किंमत कोणी तपासलीच नाही.

‘कीप-अलाइव्ह चालू होतं ना?’ असं एकाने विचारलं. होतं, पण पोच न आलेला डेटा बाकी असेपर्यंत लिनक्स कीप-अलाइव्हचा प्रोब पाठवत नाही. शिवाय त्याची डिफॉल्ट मुदत पाहा: ७२०० सेकंद, पुढे ७५ सेकंदांच्या अंतराने ९ प्रोब. हिशोब करा, २ तास ११ मिनिटं १५ सेकंद!

तुमचं ट्रान्सफर अडकलं तर आधी दोन्ही टोकांना ‘एसएस’ कमांड टीएनओ या पर्यायांसह चालवा. पाठवणाऱ्याच्या सेंड-क्यूमध्ये डेटा साचलाय आणि टायमरपुढचा प्रयत्नांचा आकडा वाढतोय, तर पोच येत नाहीये, वाटेत बघा. घेणाऱ्याचा रिसीव्ह-क्यू तुंबलाय, तर नेटवर्कला शिव्या देऊ नका, त्याचा प्रोग्रॅमच डेटा वाचत नाहीये. दोन्हीकडे क्यू रिकामे, तर बहुधा दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेत. ‘आधी आप, आधी आप’!

आमच्याकडे कर्नल लगेच बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मुदत प्रोग्रॅममध्येच घातली. ‘पोल’ कॉल वापरून ३० सेकंदांत पुढचा डेटा घेतला गेला नाही तर कनेक्शन बंद करायचं, नवं जोडायचं, सर्व्हरकडे किती बाइट पोहोचले ते विचारून तिथून पुढे पाठवायचं. फाइल पूर्ण झाल्याची पोच सर्व्हरच्या प्रोग्रॅमने स्वतः द्यायची, तीही ३० सेकंदांत. शेवटी चेकसम जुळवायचा. आता लाइट गेली तरी अर्ध्या मिनिटाचा खोळंबा होतो आणि यादी तासाच्या आत संपते. फायरवॉलला यूपीएस मात्र हवाच, तो अर्ज वेगळा दिलाय.

तेव्हा ज्युनिअर्स, ‘सेटसॉकऑप्ट’ लिहिलं की खालच्याच ओळीत त्याची परत आलेली किंमत तपासा. व्हायव्हाला कोणी विचारो न विचारो, कुणाचं तरी वर्षभराचं काम त्या एका ओळीवर असतं.