लोहमार्गालगतच्या कंत्राटी कामांतील सुरक्षा प्रशिक्षण

गाड्यांची ये-जा चालू असलेल्या लोहमार्गाशेजारी कंत्राटदाराची माणसे, वाहने व यंत्रे यांच्याकडून काम करून घेताना ती गाडीच्या आघातापासून सुरक्षित राहावीत आणि त्यांच्या कामामुळे गाडीलाही धोका पोहोचू नये, यासाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणास ही संज्ञा लावतात. तिची ही दुसरी बाजू पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. रुळालगत उभा असलेला मजूर एकटा धोक्यात असतो. परंतु रुळाकडे कललेला डंपर किंवा पोखरला गेलेला भराव संपूर्ण गाडी धोक्यात आणतो.

रेल्वेचे कायम कर्मचारी, विशेषतः गँगमन, वर्षानुवर्षे एकाच टापूत काम करीत असल्याने कोणत्या वळणावर गाडी उशिरा दिसते, वारा कोणत्या दिशेचा असता शिट्टी ऐकू येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. कंत्राटी मजुराजवळ ही शिदोरी नसते. तो आज रस्त्याच्या, उद्या कालव्याच्या व परवा लोहमार्गाच्या कामावर असतो. म्हणून अनुभवाने जे हळूहळू मिळते ते त्याला पहिल्या दिवशी, कामाला हात लावण्यापूर्वी, शिकवावे लागते.

खानदेशात हा प्रश्न अलीकडे विशेष महत्त्वाचा झाला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या काही वर्षांत चाळीसगाव-जळगाव-भुसावळ असा पुढे सरकला. चाळीसगाव-धुळे शाखा आणि सुरतकडून अमळनेरला येणारा तापी खोऱ्यातील मार्ग हे १९०० च्या सुमाराचे. त्यानंतर दीर्घकाळ या भागातील बहुतेक काम देखभालीचे होते व ते रेल्वेचीच माणसे करीत. आता उधना-जळगाव मार्गाचे दुहेरीकरण पूर्ण झाले असून जळगाव-भुसावळ टापूत जादा मार्ग टाकण्यात आले आहेत. जळगाव-मनमाड टापूत तिसऱ्या मार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि १६० किमी. लांबीच्या चौथ्या मार्गास नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. धुळे जिल्ह्यातून जाणाऱ्या ३०९ किमी. लांबीच्या मनमाड-इंदूर मार्गास त्याच वर्षी सप्टेंबरात मान्यता मिळाली असून बोरविहीर-नरडाणा हा त्याचाच भाग होय. पाचोरा-जामनेर या अरुंदमापी मार्गावरील गाडी २०२० मध्ये बंद झाली व त्याच्या रुंदीकरणाचे काम सुरू झाले. [⟶ रेल्वे].

ही कामे एकसारखी धोक्याची नाहीत. मोकळ्या रानातून जाणाऱ्या नव्या मार्गावर गाडीच नसल्याने तेथील धोके कोणत्याही मातीकामातले असतात. मात्र तेच काम जुन्या स्थानकाला येऊन मिळते किंवा तिसरा मार्ग चालू दोन मार्गांना समांतर टाकला जातो, तेव्हा परिस्थिती पालटते. रानातल्या कामाची सवय घेऊन आलेली टोळी चालू मार्गाशेजारीही तितक्याच मोकळेपणाने वावरू लागते. पाचोरा-जामनेरसारख्या मंदगती गाड्यांच्या भागात गावकऱ्यांना रुळावरून पायी जाण्याची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे व मजूर बहुधा याच गावांतून येतात.

धोक्याचे स्वरूप : प्रशिक्षणाचा आरंभ वेग व अंतर यांच्या हिशेबाने करणे सर्वांत उपयुक्त ठरते. ताशी १३० किमी. वेगाची गाडी सेकंदाला सु. ३६ मी. अंतर काटते. ६०० मी. वर दिसलेली गाडी १७ सेकंदांच्या आत अंगावर येते. तातडीचा ब्रेक लावूनही अशा गाडीस थांबण्यास सु. १ किमी. अंतर लागू शकते; म्हणजे चालकाला माणूस दिसला तरी बहुतेक वेळा तो शिट्टी वाजविण्यापलीकडे काही करू शकत नाही. अमेरिकेत १९९७ पासून अमलात असलेल्या नियमांनुसार गाडी येण्यापूर्वी किमान १५ सेकंद सर्व माणसे सुरक्षित जागी पोहोचलेली असावी लागतात. वरील वेगास याचा अर्थ ५४० मी. होतो. पहार, फावडी उचलून बाजूला होण्यास आणखी १० सेकंद धरल्यास गाडी सु. ९०० मी. वरून दिसली पाहिजे. वळण, खोदाई किंवा मार्गालगतची केळीची बाग यांमुळे एवढी दृष्टी मिळत नसेल, तर केवळ पाहाऱ्यावर विसंबून काम करणे मुळातच चूक ठरते.

विजेवर चालणाऱ्या गाडीचा आवाज पुढच्या दिशेने फारसा येत नाही आणि खडी फोडणाऱ्या किंवा दाबणाऱ्या यंत्राशेजारी तर तो मुळीच ऐकू येत नाही. ‘गाडी आली की कळेलच’ हा समज म्हणून घातक आहे.

दुसरा मोठा धोका शेजारच्या मार्गाचा. एका मार्गावर गाडी येते, माणसे तिच्यापासून दूर सरकतात आणि नकळत दुसऱ्या मार्गावर उभी राहतात. पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरी लपते. जुन्या दुहेरी मार्गांत दोन मार्गांच्या मध्यरेषांतील किमान अंतर ४.२६५ मी. आहे; डब्याची कमाल रुंदी ३.२५ मी. धरली, तर एकमेकींना ओलांडणाऱ्या दोन गाड्यांमध्ये जेमतेम १ मी. जागा उरते. नव्या कामांत हे अंतर ५.३ मी. ठेवतात, तरीही उरलेली दोन मीटरची पट्टी ही उभे राहण्याची जागा नव्हे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडे व माहेजी या स्थानकांदरम्यान आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी शेजारच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले आणि किमान १२ जण मरण पावले. ते प्रवासी होते, कामगार नव्हते. परंतु शेजारच्या मार्गाचा धोका समजावून सांगण्यास खानदेशात याहून जवळचे उदाहरण नाही.

गाडी अपेक्षित दिशेनेच येईल, असे मानणेही चुकीचे आहे. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे भुसावळ विभागातच, लासलगावजवळ, विद्युत् तारांच्या दुरुस्तीचे टॉवर वॅगन नेहमीच्या उलट दिशेने आले व त्याखाली मार्गाची देखभाल करणारे चार रेल्वे कर्मचारी ठार झाले. ही माणसे अनुभवी सेवेतील होती. अनुभव दिशेचा अंदाज बांधतो आणि अंदाज चुकल्यास तोच घात करतो, म्हणून दोन्ही बाजूंस पाहण्याचा नियम सर्व मार्गांना सारखाच लागू करतात. तसेच गाड्या बंद आहेत, या ऐकीव माहितीवरही विसंबता येत नाही. ८ मे २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडले. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या नव्हे.

अंतरांचे नियम : भारतीय रेल्वेच्या नियमांप्रमाणे कंत्राटदाराची वाहने मार्गापासून ६ मी. दूर चालवावी लागतात. ६ मी. च्या आत व मार्गाच्या मध्यरेषेपासून ३.५ मी. पर्यंतचे काम केवळ रेल्वेने नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत करता येते आणि ३.५ मी. च्या आत वाहनाचा कोणताही भाग येता कामा नये. मध्यरेषा म्हणजे दोन रुळांची मधली रेषा, हे न समजल्याने गोंधळ होतो. जवळच्या रुळापासून मोजल्यास ३.५ मी. ची मर्यादा सु. २.६५ मी. भरते. जाणाऱ्या डब्याच्या बाजूपासून ती पावणेदोन मीटरहून थोडी अधिक असते. यासाठी जमिनीवर चुन्याची किंवा फक्कीची रेघ मारतात. ही रेघ पहिल्या पावसाने किंवा डंपरच्या चाकांनी पुसली जाते, आणि ती रोज नव्याने मारणे हे कोणाचे काम, हे ठरलेले नसल्यास ती मारली जात नाही.

‘वाहनाचा कोणताही भाग’ हे शब्द यंत्रचालकाने नीट समजून घ्यावयाचे असतात. पोकलेनचे पट्टे रेघेबाहेर असले, तरी यंत्र वळताना त्याची मागची बाजू किंवा पुढचा हात रेघेच्या आत शिरतो. डंपर खडी ओतताना त्याचा उचललेला हौदा बाजूला कलतो. म्हणून वाहनांची संख्या व प्रकार, चालकांची नावे व परवाने, कामाची जागा आणि वेळा आधी कळवून परवानगी घ्यावी लागते. कामाच्या वेळी निदान एक बावटेवाला व एक प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक हजर असावा लागतो. निकडीचा प्रसंग वगळता सूर्यास्तानंतर अशी वाहने चालवीत नाहीत.

मार्ग अडविणारे कोणतेही काम ‘ब्लॉक’ घेऊन, म्हणजे ठरावीक वेळ त्या मार्गावरील वाहतूक बंद ठेवून, करतात. ब्लॉक मिळाला हे स्थानकाकडून अधिकृतपणे कळल्याशिवाय तो मिळाला असे धरत नाहीत. शिवाय एका मार्गाचा ब्लॉक दुसऱ्या मार्गाला लागू नसतो. रुंदमापी मार्गावर कामाच्या जागेपासून ६०० मी. वर आडवा लाल बावटा लावतात व १,२०० मी. वर रुळावर सु. १० मी. अंतराने तीन डेटोनेटर बसवितात. चाकाखाली सापडताच त्यांचा मोठा आवाज होतो व चालक सावध होतो. ही व्यवस्था रेल्वेचे कर्मचारी करतात. परंतु डंपर उलटल्यास किंवा यंत्र रुळावर अडकल्यास येणारी गाडी कशी थांबवावी, हे कंत्राटदाराच्या पर्यवेक्षकासही येणे आवश्यक असते. अशा वेळी यंत्र बाहेर काढण्याच्या खटपटीत पहिली काही मिनिटे दवडणे ही नेहमीची चूक आहे. आधी दोन्ही दिशांना लाल बावटे घेऊन माणसे धावली पाहिजेत, यंत्राचे नंतर पाहता येते.

विद्युत् तारा : मार्गावरील तारांमध्ये २५ किव्हो. दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह असतो व संपर्क तार रुळापासून सर्वसाधारणपणे साडेपाच मीटर किंवा थोड्या अधिक उंचीवर असते. तारेला स्पर्श झाला तरच धक्का बसतो, ही समजूत चूक आहे. पुरेसे जवळ गेल्यास वीज हवेतून झेप घेते. म्हणून माणूस, हत्यार किंवा यंत्र यांपैकी काहीही सजीव भागापासून २ मी. च्या आत नेत नाहीत. लोखंडी सळया उभ्या धरून नेणे, धातूची मोजपट्टी वापरणे, ओला बांबू, उघडी छत्री, उचललेला डंपरचा हौदा ही अपघातांची नेहमीची कारणे होत. प्रवाह बंद केलेल्या तारेतही शेजारच्या सजीव तारेमुळे प्रवर्तनाने दाब निर्माण होऊ शकतो. त्यामुळे ती भूसंपर्कित केल्याशिवाय व लेखी परवाना हाती आल्याशिवाय तिच्याजवळ काम करीत नाहीत.

माती व उष्णता : खानदेशातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगून मऊ होते. जुन्या भरावाच्या पायथ्याशी नव्या मार्गासाठी खोदकाम करून ते उघडे ठेवले व मृगाचा पाऊस आला, तर भराव खचण्याचा संभव असतो. वरून पाहणाऱ्यास रूळ सरळच दिसतात. म्हणून खोदाई लहान टप्प्यांत करून लगेच भरून काढणे, पाण्याला वाट ठेवणे आणि रुळाखाली खडी सरकलेली दिसताच काम थांबवून कळविणे, हे मजुरांनाही शिकवितात. जळगाव, भुसावळ येथे मे महिन्यात तापमान ४५° से. च्या आसपास जाते व रूळ हवेपेक्षा बरेच अधिक तापतात. लांब जोडलेल्या रुळांना प्रसरणास जागा नसल्याने त्यांत मोठा दाब साठतो आणि त्यांना सरळ धरून ठेवणारी खडी अशा वेळी उकरली, तर मार्ग वाकडा होतो. खडी सैल करणारे काम त्यामुळे ठरावीक तापमानाच्या मर्यादेतच करतात. याच उन्हात आठ तास काम करणाऱ्या माणसाचे अवधान दुपारनंतर मंदावते, हेही लक्षात घ्यावे लागते. पाणी व सावली या केवळ सोयी राहत नाहीत.

जमिनीत सिग्नलच्या व संदेशवहनाच्या केबली असतात. त्या तुटल्यास सिग्नल लाल होतात, त्यामुळे लगेच अपघात होत नाही. मात्र गाड्या हाती दिलेल्या लेखी अधिकारपत्रांवर चालवाव्या लागतात व मानवी चुकीला वाव मिळतो. खोदण्यापूर्वी संबंधित विभागांकडून केबलीचा मार्ग प्रत्यक्ष दाखवून घेणे यासाठीच सक्तीचे केलेले आहे.

प्रशिक्षणाची पद्धती : रेल्वे कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासाठी भुसावळ येथे क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे. कंत्राटी मजुरांचे शिक्षण मात्र बहुतांशी कामाच्या जागीच होते. पर्यवेक्षक व यंत्रचालक यांना रेल्वेचा अभियंता समजावून देतो व त्यांची तयारी पाहून सक्षमतेचे प्रमाणपत्र देतो. बाकीच्यांपर्यंत ते पर्यवेक्षकाकडून, मुकादमाकडून पोहोचावयाचे असते आणि साखळीतील हीच कडी कच्ची आहे. मुख्य कंत्राटदार काम पोटकंत्राटदाराला देतो, तो टोळीच्या मुकादमाला. टोळीतील माणसे आठवड्या-आठवड्याला बदलतात. हजेरीपटावरची नावे आणि शिकविलेल्यांची नावे जुळत नाहीत.

भाषेचा प्रश्नही आहे. सूचना हिंदी वा इंग्रजीत छापलेल्या असतात. टोळीत अहिराणी बोलणारे स्थानिक, सातपुड्याकडील पावरा व भिल्ल आणि दूरच्या राज्यांतील मजूर एकत्र असू शकतात. अशा ठिकाणी व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक उपयोगी पडते : बावटेवाल्याने शिट्टी द्यावी, सर्वांनी हत्यारे घेऊन ठरलेल्या जागी जावे आणि लागलेला वेळ घड्याळावर मोजावा. पंचवीस सेकंद लागले, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर १३० किमी. वेगाचा हिशेब निराळा सांगावा लागत नाही. रोज काम सुरू होण्यापूर्वी त्या दिवशीची पळण्याची बाजू, बावटेवाल्याचे नाव व ब्लॉकची वेळ सर्वांसमोर सांगण्याची प्रथा चांगली आहे. बावटेवाल्याला इतर काम देऊ नये हा नियम सर्वत्र मान्य आहे. माणूस कमी पडला की तोच प्रथम मोडला जातो.

ब्रिटनमध्ये कंत्राटदाराच्या माणसांसही व्यक्तिगत प्रशिक्षणाचे ओळखपत्र असल्याखेरीज मार्गावर जाता येत नाही व प्रत्येक टोळीस सुरक्षिततेची जबाबदारी असणारी एक निश्चित व्यक्ती असते. तरीही १५ फेब्रुवारी २००४ रोजी टीबे येथे कंत्राटी कामावरील सदोष ब्रेकची, रूळ लादलेली गाडी उतारावरून निसटली व काही किमी. खाली काम करणारे चार कामगार ठार झाले. ओळखपत्र माणसाचे असते, यंत्राचे नव्हे. यंत्रांची तपासणी हा प्रशिक्षणाइतकाच महत्त्वाचा विषय त्यामुळे तेथे पुढे आला.

भारतात अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात, २००७-०८ पासून सु. साडेचार वर्षांत कामावर असताना सु. १,६०० रेल्वे कर्मचारी मृत्यू पावल्याचे नमूद केले होते. कंत्राटी कामगार व बांधकाम कामगार यांविषयीच्या १९७० व १९९६ च्या अधिनियमांची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक २०२० ची संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. येणाऱ्या गाडीची सूचना बिनतारी संदेशाने देणारे ‘रक्षक’ हे उपकरण मार्गावर काम करणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी तयार करण्यात आले आहे.