वन बीएचके प्लस बंड्या

घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर भाड्याचं घर शोधताना तुम्ही एजंटच्या वहीत थेट 'डिफिकल्ट केस' होता. पण नियम कुणाला लागू होतो, कुणाला नाही आणि शोधायचं कुठे हे कळलं, तर ही केस सुटते!

भाड्याने घर शोधायला निघालात की एजंटचे प्रश्न ठरलेले. फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज? कंपनी कुठली? बजेट किती? या सगळ्याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात. मग आपण हळूच सांगतो, "आणि आमच्याकडे एक कुत्रा आहे." फोनवर दोन सेकंद शांतता. "बघतो मॅडम, कळवतो." हे 'कळवतो' म्हणजे काय, हे घरात शेपूट हलवणारं कुणी असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आमचा बंड्या नऊ वर्षांचा. देशी, बदामी रंगाचा, एक कान उभा आणि एक पडलेला. वाकडला आम्ही २२ हजार भाडं भरून चांगली तीन वर्षं राहिलो. मग घरमालकांचा मुलगा परदेशातून परत येणार म्हणून करार वाढवणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आमच्या हातात दोन महिने होते. ऑफिस हिंजवडीला, बजेट फार तर २५ हजार, आणि सोबत बंड्या. दोन महिन्यांत सतरा घरांसाठी फोन झाले. त्यातली सहा प्रत्यक्ष बघता आली, आणि त्यातल्या पाच जणांनी 'पेट नको' म्हणून सांगितलं. एका गृहस्थांनी तर अगदी आपुलकीने सल्ला दिला, "गावाकडे सोडून या ना त्याला. जगतात ती, काही होत नाही."

सोडून द्या म्हणजे काय?

हा सल्ला ऐकायला मिळतो आणि घर बदलताना काही लोक तो मानतातही. आयुष्यभर सोफ्यावर झोपलेला कुत्रा अनोळखी गल्लीत सोडला, तर तिथली कुत्री त्याला उभं करत नाहीत. खायचं कुठे आणि पळायचं कुठे, हे त्याला माहीत नसतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार योग्य कारणाशिवाय प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने लिहिलेला दंड किती? कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये! मॉलमधलं पार्किंग याहून महाग पडतं. थोडक्यात, कायद्याच्या धाकाने कुणी थांबेल अशी परिस्थिती नाही. थांबवायचं ते आपणच, आणि त्यासाठी वेळेवर घर मिळायला हवं.

सोसायटी वेगळी, मालक वेगळा

घर शोधता शोधता मी कागदपत्रं वाचायला लागले. माझा सगळा गोंधळ एका गोष्टीने मिटला. आपल्याला 'नाही' म्हणणारे दोन असतात, आणि दोघांचे अधिकार वेगळे असतात.

पहिली सोसायटी. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने, म्हणजे अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाने, फेब्रुवारी २०१५ मध्ये सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या म्हणतात की बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. जात किंवा आकार बघून भेदभाव करता येत नाही. लिफ्ट वापरू द्यायला नकार देता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये सोसायट्यांच्या अशा बंदीच्या अटी बेकायदा ठरवल्या. त्याच सूचनांमध्ये आपल्यासाठीही दोन शब्द आहेत: लसीकरण करा, पट्टा लावून फिरवा, घाण झाली तर उचला. त्यामुळे सेक्रेटरीकाकांनी "आपल्याकडे डॉग अलाउड नाहीत" म्हटलं, तर भांडत बसू नका. सूचनांची प्रिंट काढा आणि नम्रपणे हातात द्या.

दुसरा घरमालक. आणि इथे गाडी अडते. फ्लॅट त्याचा, करार त्याच्या मर्जीचा. कुत्रा असलेल्या माणसाला भाड्याने घर दे, असं आपल्याकडचा कुठलाही नियम त्याला सांगत नाही. म्हणजे ज्याच्याशी भांडायला आपल्याकडे कागद आहे, तो सोसायटीवाला दुसऱ्या पायरीवर उभा. पहिल्या पायरीवरच्या माणसाशी फक्त बोलायचं असतं.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या कायद्यापासून राहत्या घराच्या भाडेकरारात 'प्राणी पाळायचा नाही' अशी सरसकट अट लिहिली, तरी ती रद्दबातल ठरते. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये आलेल्या भाडेकरू हक्क कायद्यात अशी तरतूद आहे की भाडेकरूने प्राण्यासाठी लेखी परवानगी मागितली, तर मालकाला वाजवी कारणाशिवाय नकार देता येणार नाही. शिस्तीच्या सिंगापूरनेही सरकारी फ्लॅटमध्ये मांजर पाळायची बंदी सप्टेंबर २०२४ पासून उठवली. आपल्याकडे तो दिवस येईल तेव्हा येईल. तोवर काय?

शहर संपतं तिथे

तोवर जांबे! पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द पुनावळ्यात संपते आणि मुळशी तालुक्यातलं जांबे सुरू होतं. एका बाजूला टोलेजंग टॉवर, दुसऱ्या बाजूला ऊस आणि भाजीपाला. हे गाव महापालिकेत जाणार अशी चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. हिंजवडीचं आयटी पार्क मारुंजीमार्गे जवळ, म्हणून गावातल्या अनेकांनी आपल्या जागेत दोन-तीन मजली इमारती बांधून खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे.

या इमारतींचा फायदा असा की सोसायटी नाही, कमिटी नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नाही. मालक खालच्याच मजल्यावर राहतात आणि 'हो' म्हणायला त्यांना कुणाची एनओसी लागत नाही. वर ज्यांनी आयुष्यभर गाई-म्हशी, कोंबड्या आणि राखणीची कुत्री सांभाळलीत, त्यांना कुत्र्याची भीती वाटत नाही. त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

आमच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, पहिल्या भेटीत बंड्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "ह्यो घरात झोपतो व्हय?"

"हो काका."

"गादीवर?"

"हो."

काकूंना हसू आवरेना. काका मात्र गंभीर. "झोपू द्या. पर आमच्या कोंबड्या हायेत खाली. त्यांना तोंड लावलं तर?"

खरं सांगते, इतक्या महिन्यांत मला भेटलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. वास येईल का, शेजारी काय म्हणतील, आमच्यात चालत नाही, हे सगळं ऐकून झालं होतं. नेमकं काय बिघडू शकतं आणि ते कोण भरून देणार, हे काकांनीच विचारलं. आम्ही म्हटलं, कोंबडी गेली तर किंमत आम्ही देऊ. पट्ट्याशिवाय बंड्या खाली उतरणार नाही. काकांचा वाघ्या येऊन त्याला हुंगून गेला, गुरगुरला, मग दोघं आपापल्या सावलीत जाऊन बसले. वन बीएचके, भाडं १२ हजार, डिपॉझिट ३० हजार. हुश्श!

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही रविवारी टेम्पो घेऊन निघाल! उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा लागतो. पावसात रस्त्यावर खड्डा कुठला आणि डबकं कुठलं ते कळत नाही. लिफ्ट नाही, आणि बंड्याचे गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, म्हणून आम्ही पहिला मजलाच मागून घेतला. रात्री नऊनंतर गल्लीतली कुत्री रस्ता आपला समजतात, त्यामुळे शेवटची फेरी आठलाच उरकावी लागते. प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा तर वाकड-पुनावळ्याकडेच गाडी काढावी लागते. दरमहा १० हजार वाचतात, पण त्यातले काही पेट्रोलमध्ये जातात. आम्हाला हिशेब परवडला. तुमचा तुम्ही करा.

'हां म्हणलो ना' पुरत नाही

काका कराराला फारसे तयार नव्हते. "तोंडी ठरलंय की. हां म्हणलो ना?" शब्दाला जागणारा माणूस, त्यात शंका नाही. पण उद्या व्यवहार त्यांचा मुलगा बघायला लागला तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर ५ हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे करार नोंदवणं मालकाच्याही फायद्याचं. हे सांगितल्यावर काका लगेच तयार झाले. नोंदणी ऑनलाइन होते आणि एजंट मशीन घेऊन घरी येऊन अंगठा घेतो.

आमच्या करारात एक कलम जास्तीचं आहे: राहणाऱ्यांसोबत एक पाळीव कुत्रा राहील, त्याने मालमत्तेचं किंवा मालकाच्या कोंबड्यांचं नुकसान केल्यास भरपाई राहणाऱ्यांनी द्यायची. टाइप करणारा मुलगा 'कोंबड्या' शब्दावर थांबला आणि त्याने दोनदा विचारून घेतलं. हसायचं तर हसा, पण हीच ओळ बंड्याचा रहिवासी दाखला आहे. ज्याचा कागदावर उल्लेख आहे, त्याला अकराव्या महिन्यात 'अरे, हा कुठून आला?' असं कुणी विचारू शकत नाही.

शोधायला निघण्याआधी

* करार संपायच्या तीन महिने आधी शोध सुरू करा. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कायद्याने दुप्पट भाडं भरपाई म्हणून द्यावं लागू शकतं. त्या घाईतच लोक प्राण्याला कुठेतरी सोडतात.

* पहिल्याच फोनवर प्राण्याबद्दल सांगा. चार नकार जास्त मिळतील, पण चुकीचं घर मिळणार नाही.

* एक फाइल बनवा: दरवर्षीच्या रेबीज लसीची नोंद, नसबंदीचं सर्टिफिकेट, महापालिका हद्दीत असाल तर कुत्र्याचं लायसन्स, आणि आधीच्या मालकाचं दोन ओळींचं पत्र. वाकडच्या आमच्या मालकांनी ते आनंदाने दिलं आणि त्याचा फार उपयोग झाला.

* मालकाला नेमकी कशाची काळजी आहे ते विचारा. भिंतीला ओरखडे, वास की आवाज? त्या एका गोष्टीची भरपाई कबूल करा. 'आमचा फार गुणी आहे हो' या वाक्याने आजवर कुणाचं समाधान झालेलं नाही.

* सोसायटीत घर घेत असाल तर २०१५ च्या सूचनांची प्रिंट मालकालाही द्या. बऱ्याचदा त्याची हरकत नसते, त्याला कमिटीची भीती असते.

* आणि शेवटचं. तोंडी 'चालेल' मिळालं की लगेच ते करारात एका ओळीत लिहून घ्या. नावासकट लिहिलं तरी चालतं. आमच्या करारात 'बंड्या' असंच लिहिलंय.