फुग्यांचा उत्सव आणि साठीनंतरची हाडे

गेल्या वर्षी गणेशविसर्जनानंतरच्या आठवड्यात एक निवृत्त शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. वय ६७. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्की येथे, त्या मुलीकडे निघाल्या होत्या. रक्तदाबाच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून घेतल्यावर त्या संकोचाने म्हणाल्या, “डॉक्टर, लेकीने उष्ण हवेच्या फुग्यातून सफर ठरवली आहे. हरकत नाही ना?”

आल्बुकर्कीचा फुग्यांचा उत्सव १९७२ मध्ये एका दुकानसंकुलाच्या वाहनतळावर अवघ्या १३ फुग्यांनिशी सुरू झाला. आज ऑक्टोबरच्या आरंभी तो नऊ दिवस चालतो आणि सूर्योदयाच्या सुमारास शेकडो फुगे आकाशात झेपावतात. फुगा पसरणे, दोर धरणे, उतरणाऱ्या फुग्यामागे गाडी घेऊन धावणे ही कामे गावचे स्वयंसेवक हौसेने करतात. तेथे खालच्या थरातील वारा बहुधा दक्षिणेकडे, तर वरच्या थरातील उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे कुशल वैमानिक केवळ उंची बदलून निघाल्या जागेजवळ परतू शकतो.

फुगा वाऱ्याबरोबरच वाहत असल्याने उड्डाण अतिशय संथ असते. प्रश्न असतो तो उतरण्याचा. फुग्याला चाके नसतात, ब्रेक नसतो. वारा असेल तर टोपली जमिनीवर आदळते, कधी फरपटते, कधी आडवी होते. प्रवासी उभेच असतात. गुडघे किंचित वाकवून, आतील पकड घट्ट धरून त्यांना तो हादरा सोसावा लागतो. तरुण शरीराला त्याचे काही वाटत नाही. ठिसूळ झालेला मणका मात्र अशा धक्क्याने दबून मोडू शकतो.

मी त्यांची जुनी नोंद उघडली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे मनगट मोडले होते. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणे ही अस्थिविरलतेची, म्हणजे हाडे ठिसूळ झाल्याची, सूचना असते. प्लास्टर निघाले तेव्हा हाडांची घनता तपासून घ्या, असे मी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नव्हते. ती चूक माझी होती. आता डेक्सा तपासणी करवली, तेव्हा कण्याचा टी-स्कोअर उणे २.८ आला. उणे २.५ किंवा त्याखालील आकडा म्हणजे अस्थिविरलता.

“फुग्यात बसू नका,” मी म्हणालो. त्यांचा चेहरा उतरला. “पुढच्या वर्षी मी कुठे असेन, कोणी सांगावे?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या घरातील कोणी अशा सफरीचा बेत करीत असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

• गर्भवती, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अस्थिविरलता किंवा अस्थिर हृदयविकार असलेले आणि तासभर उभे राहू न शकणारे यांनी फुग्यात बसू नये.

• हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरहून थोडे उंच आहे. हवा कोरडी असते. प्रसाधनगृह दूर आहे म्हणून पाणी पिणे टाळू नये.

• पहाटे कडाक्याची थंडी, तर दुपारी ऊन असते. एकावर एक घालता येतील असे कपडे न्यावेत. दमेकऱ्यांनी इनहेलर खिशातच ठेवावा.

• मधुमेहींनी पहाटे गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी निघू नये, साखर घसरते. भारताशी वेळेचा फरक साडेअकरा तासांचा आहे. औषधांचे नवे वेळापत्रक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

बाई गेल्या आणि जमिनीवरच राहिल्या. परंतु या उत्सवात प्रेक्षकांना मैदानावर थेट फुग्यांमध्ये फिरता येते. परतल्यावर त्यांनी सांगितले, “हाताच्या अंतरावर फुगा उभा राहिला. ज्वाळेची ऊब गालांना लागत होती.” मग जरा थांबून म्हणाल्या, “वर गेले असते, तर अधिक आवडले असते.” मी ते नाकारले नाही. हाडांचे औषध मात्र त्या आता नियमित घेत आहेत.

वाचकहो, आपण कदाचित कधीच फुग्यात बसणार नाही. पण एसटीच्या मागच्या बाकावर बसतो, खड्ड्यांतून रिक्षाने जातो. ठिसूळ मणक्याला तो हादराही पुरतो. घरातील आई, आजी, मावशी किंवा आजोबांचे हाड पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मोडले असेल, तर हाड जुळले म्हणून विषय संपवू नका. डॉक्टरांना घनतेच्या तपासणीबद्दल विचारा. ते विसरले असतील, तर आठवण करून द्या.